टाकी संपेपर्यंत पाटी आपली

माएबाशी,
फेब्रुवारीची अखेर

परमपूज्य दाजींच्या सेवेशी,

धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे कात्सुनोरीचा, कमरेपासून वाकून नमस्कार. (कंबर हल्ली निम्म्यातच अडकते, तेव्हा उरलेला नमस्कार पोचला असं धरून चालावं.) आकागी डोंगरावरून वारा असा सुटलाय की परवा वाळत घातलेली माझी विजार सरळ पोलीस चौकीच्या अंगणात जाऊन पडली आणि ती ओळख पटवून परत आणावी लागली. तुमच्याकडे हिरोसाकीला छपरावर बर्फ किती आहे? तुम्ही अजूनही स्वतः शिडी लावून तो ओढता, असं ताईने लिहिलंय. तुमच्या वयाचे लोक शिडीवर चढत नाहीत, शिडी धरतात, हे मी तुम्हाला सांगणं म्हणजे लहान तोंडी मोठा घास. गुडघा कसा आहे? सफरचंदांची पेटी पोचली. हात्सुए त्यातली चांगली चांगली पूर्वजांपुढे ठेवते आणि डागाळलेली माझ्यापुढे. यावरून घरात माझं स्थान काय, ते तुमच्या लक्षात येईल. बाकी आम्ही सर्व मजेत.

नववर्षाच्या कार्डावर तुम्ही एवढंच विचारलं होतंत, ‘विमान उडालं का?’ तुम्ही स्वतःच्या हाताने बांधून पाठवलेलं छोटं, रेडिओवर चालणारं विमान, त्यामुळे विचारण्याचा तुमचा हक्कच आहे. पण या प्रश्नाचं उत्तर कार्डावर मावेना म्हणून दोन महिने गप्प बसलो. उडतं, दाजी. झकास उडतं. कधी कधी तर इतकं झकास की मला त्यात काहीच करावं लागत नाही. त्याचं कारण असं की माझ्या हातातल्या यंत्राला एक दोरी आहे आणि त्या दोरीचं दुसरं टोक मिनेगिशी डॉक्टरांच्या हातातल्या यंत्राला आहे. त्यांनी बटण दाबून धरलं की विमान माझं, सोडलं की त्यांचं. मी तीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये डाव्या सीटवर बसून, पायाखाली जादा ब्रेक ठेवून, सगळ्या जिल्ह्याला गाडी शिकवली, कित्येकांना रडवलं. आता साठीनंतर मी दोरीला बांधलेला शिकाऊ. हे ऐकून माझे जुने विद्यार्थी नदीकाठी मुद्दाम बघायला येतात आणि लांबूनच वाकतात. त्यांचे खांदे हलत असतात.

मिनेगिशी डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. आता दवाखाना बंद केलाय, पण जीभ तीच आहे. विमान वळणावर आलं की म्हणतात, “हां, आता थोडं टोचेल. दुखलं तर डावा हात वर करा.” डावा हात वर केला तर विमान खाली येईल, हे मी त्यांना एकदाच सांगून पाहिलं. ते म्हणाले, “मग दुखू देऊ नका.” असा माणूस! कधी आवाज चढवला नाही, कधी चुकीबद्दल बोलले नाहीत. फक्त माझ्या हातातून विमान हलकेच काढून घेतात आणि सरळ करून परत देतात. मार्चअखेर ते कोबेला मुलाकडे कायमचे राहायला चालले आहेत. जाण्याआधी माझी दोरी काढायची, असं त्यांनी मनात धरलंय. दोरी निघाली नाही तर नंतर मला शिकवायला आमच्या विमान उडवणाऱ्यांच्या मंडळात कुणी नाही. बाकीच्यांना विचारलं तर ते मान हलवून म्हणतात, “आम्हीच तुमच्याकडून शिकायला हवं,” आणि जपानात याहून स्पष्ट नकार नसतो, हे तुम्हाला माहीत आहे. शिवाय मला डॉक्टरांचा लळा लागलाय. हे त्यांना सांगण्याची सोय नाही म्हणून तुम्हाला सांगतो.

तर दोरी काढण्याची परीक्षा अशी: आमच्या मंडळाचे अध्यक्ष आराया यांच्यासमोर एकट्याने विमान उडवायचं, दोन फेऱ्या, एक आठाचा आकडा, एकदा धावपट्टीला नुसतं शिवून जायचं आणि मग उतरवायचं. एवढ्याला सात-आठ मिनिटं लागतात आणि माझ्यासारख्याला घाबरायलाही थोडा वेळ हवा, तोही धरायचा. म्हणजे सगळा प्रश्न इंधनाच्या टाकीवर येऊन ठेपला. आणि या टाकीनेच, दाजी, आमचं मंडळ नासवलं.

तुम्ही डब्यात जी टाकी पाठवली होतीत ती दोनशे साठ सीसीची. इंजिनाला साजेशी, फणसाच्या गऱ्यासारखी स्पंजात गुंडाळलेली, नाकाच्या पोकळीत अलगद बसणारी. दहा-बारा मिनिटं उडायचं आणि उतरण्यापुरतं शिल्लक राहायचं. काहीच तक्रार नव्हती. तक्रार आमच्या नदीकाठच्या खांबाची. त्या खांबाला एक खिळा, खिळ्याला एक लाकडी पाटी. आमची सगळ्यांची यंत्रं जुनी, एकाच रेडिओ लहरीवर चालणारी, एकाचं विमान वर असताना दुसऱ्याने बटण दाबलं की वरचं खाली. म्हणून ज्याने पाटी काढून गळ्यात घातली त्याचंच आकाश. त्याने पाटी परत लावेपर्यंत बाकीच्यांनी बाकावर बसून चहा प्यायचा. किती वेळ, हे कुठे लिहिलेलं नाही. रीत अशी की टाकी संपेपर्यंत पाटी आपली.

आता आमच्यात एक कुसाकाबे आहेत. थडग्यांच्या दगडांचं त्यांचं मोठं दुकान. माणूस गोड, पण आज ना उद्या प्रत्येकाला त्यांच्याकडे जायचंच आहे, म्हणून त्यांना कुणी दुखवत नाही. या कुसाकाबेंनी शरद ऋतूत विमानात अर्ध्या लिटरची टाकी बसवली. सकाळी सगळ्यांच्या आधी यायचे, पाटी गळ्यात घालायचे आणि आकाशात जे जायचे ते तिथेच नांदायचे. हिवाळ्यात आकागीचा वारा दहाच्या सुमाराला सुटतो, सुटला की शिकाऊ विमानाचा पतंग होतो, हे तिथल्या बगळ्यांनाही ठाऊक. कुसाकाबे उतरेपर्यंत अर्धी सकाळ संपलेली असायची. उतरून कमरेत वाकून म्हणायचे, “माफ करा हं, फारच वेळ थांबवलं.” आम्ही सगळे एका सुरात, “छे छे, आत्ताच तर वर गेलात!” अध्यक्ष तर एकदा म्हणाले, “इतक्यात उतरलात? तब्येत बरी आहे ना?” मी बाजूला बसून दात खात होतो आणि दातांचे डॉक्टर माझ्या शेजारीच होते.

सरळ माणसाने काय केलं असतं? ‘कुसाकाबेसाहेब, जरा लवकर उतरा’ म्हटलं असतं. पण असं बोलणारा आमच्यात अजून जन्मला नाही. आम्ही काय केलं? आम्ही सगळ्यांनी मोठ्या टाक्या आणल्या. पहिली अध्यक्षांनी. मग निवृत्त स्टेशनमास्तरांनी. मग मी, तीनशे साठची. (तुमची टाकी जपून ठेवली होती, राग मानू नये. पुढे स्टेशनमास्तरांच्या नातवाने ती आंघोळीला खेळायला नेली.) ती तुमच्या विमानात मावेना, म्हणून मी आतली लाकडी चौकट चाकूने कोरली. मावली, पण बोटभर वर बसली. टाकी इंजिनाच्या तोंडाहून वर बसली की इंधन आपसूक खाली झिरपतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. इंजिन गळ्यापर्यंत पिऊन बसलं. पंखा फिरवायला गेलो तर फिरेना, फिरला तेव्हा सगळं इंधन माझ्या लोकरी टोपीवर. घरी आल्यावर हात्सुए म्हणाली, “अहो, तुम्ही उडायला जाता की तळून घ्यायला?”

टाकी खाली दाबून बसवली तर नाक जड. भरल्या टाकीने विमान धावपट्टीवर असं धावायचं की उडायचा विचारच सोडून दिलेला दिसे. मग शेपटीला गळाला लावतात ते शिसं बांधलं. मग सगळंच जड. वर गेलं की सुरुवातीला इंजिन घोगरं बोलायचं आणि टाकी उतरत आली की किंचाळायचं, आणि मी दोन्ही वेळा दचकायचो. डॉक्टर बटण सोडून विमान हातात घ्यायचे आणि म्हणायचे, “तोंडात एकदम एवढं भरू नये.” टाकीबद्दल ते आयुष्यात एवढंच बोलले. आणि एवढं करून मिळालं काय? पूर्वी वारा सुटायच्या आत पाच जण उडवायचे, आता दोघं. बाकावर चहाचा थर्मास संपायचा आणि पाळी आलेली नसायची. नवीन वर्षाच्या पहिल्या रविवारी मला पाटी मिळाली तेव्हा वारा सुटला. डॉक्टरांनी आकाशाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, दोरी गुंडाळली आणि खिशात घातली. त्या दिवशी मला खरंच वाईट वाटलं, दाजी. त्यांचे रविवार थोडेच राहिले होते.

हे सगळं मी रात्रीच्या जेवणाला हात्सुएला सांगितलं. ती भाताचा वाडगा माझ्यापुढे ठेवत म्हणाली, “मोठ्या टाकीने तो माणूस हलायचा नाही. लहान टाकी लावा.”

“लहान लावून काय होणार? चार मिनिटांत उतरावं लागेल.”

“उतरा की. आणि उतरल्यावर त्यांच्यापुढे वाका. म्हणा, तुमचा फार वेळ घेतला. दोनदा म्हणा.”

बायका अशा वेळी किती निर्दयपणे विचार करतात! मी लगेच शंभर सीसीची टाकी आणली. औषधाच्या बाटलीएवढी. पुढच्या रविवारी पाटी घेतली, वर गेलो, दीड फेरी झाली आणि इंजिन बंद. डॉक्टरांनी विमान हलकेच उतरवलं. मी सरळ कुसाकाबेंच्या पुढ्यात जाऊन टोपी काढली आणि कमरेचा विचार न करता वाकलो. “सगळ्यांचा फारच वेळ घेतला. क्षमा असावी.” सरळ झालो, पुन्हा वाकलो. “सकाळच खाल्ली मी तुमची.” कुसाकाबेंचे कान आधी गुलाबी झाले, मग लाल. त्यांनी हातातलं अर्ध्या लिटरचं धूड पाठीमागे लपवायचा प्रयत्न केला, पण विमान कुठे लपतं? स्टेशनमास्तरांना खोकल्याची मोठी उबळ आली. मी मनातल्या मनात हात्सुएला ओवाळलं.

पण दाजी, लाज ही शिंकेसारखी असते, एकाला आली की बाकावर सगळ्यांना येते. पुढच्या रविवारी कुसाकाबे ऐंशीची टाकी लावून आले आणि उतरल्यावर तीनदा वाकले. अध्यक्षांना वाटलं, अध्यक्ष असून आपली टाकी यांच्यापेक्षा मोठी, हे बरं दिसत नाही. त्यांनी साठची आणली. स्टेशनमास्तरांनी कुठून तरी लायटरचं इंधन ठेवतात तसली डबी मिळवली. त्यांचं विमान धावपट्टी सोडतं न सोडतं तोच गप्प होऊन पलीकडच्या कांद्याच्या पातीत उतरतं. तिथल्या ओबाताबाई पहिल्यांदा घाबरल्या, मग रागावल्या, आता सरावल्या. “कांदे न्यायला आलात की विमान?” असं लांबूनच विचारतात. “दोन्ही न्या एकदाचं!” मोठ्या टाकीचं माझं विमानही एकदा त्यांच्याकडे नाक खुपसून गेलं होतं, तेव्हा ती तीनशे साठची टाकी फुटली आणि तिथला कांदा बाईंनी पंधरा दिवस विकला नाही.

आता आमची स्थिती ऐका. साडेआठपर्यंत सगळ्यांचं उडवून होतं. प्रत्येकाने प्रत्येकाची क्षमा मागितलेली असते. पाटी खिळ्याला लटकत असते, आकाश निळंशार, वाऱ्याचा पत्ता नाही आणि आम्ही पाच म्हातारे बाकावर ओळीने बसून रिकाम्या आकाशाकडे बघत चहा पितो. उठून दुसऱ्यांदा पाटी घ्यायला कुणी तयार नाही, कारण दुसऱ्यांदा घेणं म्हणजे हावरटपणा. मी हळूच डॉक्टरांकडे बघतो. तेही बघतात. मग ते म्हणतात, “छान हवा आहे,” आणि मी म्हणतो, “फारच छान.” पाटी मात्र कुणी काढत नाही. परीक्षेला सात-आठ मिनिटं हवीत आणि माझ्या टाकीत चार. मोठी बसवू म्हटलं तर हा सोवळेपणा सुरू करणारा मीच, आता मीच पंगत सोडून उठलो तर तोंड कुठे दाखवू? डॉक्टर तर सांगणारच नाहीत. त्यांनी स्वतःचीही टाकी छोटी करून घेतलीय, माझ्यासाठी, मला एकट्याला अवघडल्यासारखं वाटू नये म्हणून. परीक्षेचा दिवस मार्चचा तिसरा रविवार ठरलाय आणि त्यानंतरच्या आठवड्यात त्यांचं सामान जाणार.

तर विमान उडतं का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं आहे. गुडघ्याला गरम पाण्याचा शेक द्यावा. ताईला नमस्कार, छपरावर चढू नये.

आपला आज्ञाधारक,
नुकुई कात्सुनोरी

ता. क. – पत्र एवढं लांबलं आणि मुद्द्याचं राहिलंच. आमच्या वडिलांच्या श्राद्धाला भटजींचं पठण लांबलं तेव्हा तुम्ही सगळ्यांदेखत म्हणाला होतात, “महाराज, गेलेला माणूस पोचलासुद्धा, आता आम्हाला जेवायला सोडा.” तेव्हा आम्ही सगळे शरमेने जमिनीत गेलो होतो. आज मला वाटतं की आपल्या घराण्यात असा एक माणूस आहे, हे केवढं भाग्य! तिसऱ्या रविवारच्या आधी तुम्ही इकडे यावं. नदीकाठी यावं, बाकासमोर उभं राहावं आणि तुमच्या त्सुगारूच्या खणखणीत बोलीत एवढंच विचारावं, “ही काय टाकी आहे की कानात घालायच्या थेंबांची बाटली?” पाहुणे म्हणून तुम्हाला कुणी काही बोलणार नाही आणि त्याच क्षणी आम्ही सगळे सुटू. गाडीचं तिकीट मी काढतो. ताईला सांगू नये.

ता. क. दुसरा – पाकीट चिकटवून झालं होतं, पुन्हा फोडतोय. आत्ता मिनेगिशी डॉक्टर येऊन गेले. गाव सोडायच्या आधी घरोघर जाऊन निरोपाची भेट द्यायची, त्यासाठी आले होते. लाल-पांढऱ्या दोरीचा कागद, वर सुबक अक्षरात नाव. साबण किंवा हातरुमाल असेल म्हणून हात्सुएने नमस्कार करून पूर्वजांपुढे ठेवली. ते गेल्यावर उघडली. टाकी. तुम्ही पाठवली होतीत त्याच मापाची, नळ्या वाकवून तयार, आतल्या नळीच्या टोकाला वजनाची गोळी असते तिला धक्का लागू नये म्हणून कापूस भरलेला. तेवढ्यात कुसाकाबेंचा फोन आला. त्यांनाही तीच. अध्यक्षांना तीच. स्टेशनमास्तरांना तीच. निरोपाची भेट म्हणजे वापरावीच लागते, माळ्यावर टाकता येत नाही. कुणी कुणाला काही बोललं नाही आणि पुढच्या रविवारपासून सगळ्यांच्या टाक्या सारख्या! म्हणजे तुम्ही यायची, आणि विशेषतः बोलायची, गरज उरली नाही. हात्सुए विचारत होती, भेटीची परतभेट काय द्यायची. मी दारापर्यंत सोडायला गेलो तेव्हा डॉक्टरांनीच सांगितलं होतं. म्हणाले, “परतभेट वगैरे नको. एकट्याने उतरवा, तेवढं दाखवा.” मी म्हटलं, “दुखलं तर?” ते म्हणाले, “दुखणारच.”

ता. क. तिसरा, आणि खरा – दाजी, तरीही यावं. ताई फोनवर म्हणाली की तुमच्या शेडमध्ये त्या जुन्या मोठ्या विमानाची अर्ध्या लिटरची टाकी पडून आहे. ती पिशवीत टाकून आणावी. माझ्या विमानात जागा आहे, कोरून ठेवलीच आहे, अजून थोडी कोरीन. परीक्षा डॉक्टरांच्या टाकीवरच देणार, उतरवणार, वाकणार. ते झालं की मी तुमची टाकी बसवणार, ती काठोकाठ भरणार, पाटी पुन्हा गळ्यात घालणार आणि डॉक्टरांच्या खिशातली दोरी मागून घेऊन स्वतःच्या हाताने दोन्ही यंत्रांना परत लावणार. मग वारा सुटेपर्यंत आम्ही दोघं वर. बाकीचे बसतील चहा पीत. कुणी काही म्हणणार नाही, आमच्याकडे कुणी कुणाला काही म्हणत नाही. फक्त त्या वेळी तुम्हीही गप्प बसावं, एवढी कृपा करावी.